लाल बूट

"आधी बूट काढा त्याचे," निकिफोरोस म्हणाला.

दोघा शिपायांनी वार्दासला गुडघ्यांवर दाबून धरलं, तिसऱ्याने त्याच्या पायांतले लाल बूट ओढून काढले. तसलेच बूट निकिफोरोसच्याही पायांत होते. लाल बूट घालावेत एकट्या सम्राटाने. राजधानी पश्चिमेकडून चालून आलेल्या फ्रँकांनी ओरबाडून खाल्ली, त्यांचा माणूस तिथल्या सिंहासनावर पाय पसरून बसलाय, आणि इकडे दोन डोंगरांवर दोन सम्राट, तेही सख्खे दाजी-मेहुणे! काय म्हणावं यांना?

एव्दोकिया शेगडीपाशी उभी होती. वार्दास तिचा पाठचा भाऊ, निकिफोरोस नवरा. शेगडीत सळई लाल होत आली होती. भाता चालवणारा माणूस खाली मान घालून भाता चालवत होता.

"आंधळ्याला कोणी सम्राट करत नाही," निकिफोरोस म्हणाला. "एवढं उरकलं की सोडतो याला. जन्मभर जेवायला घालीन."

"मठात गेलेल्यालाही करत नाहीत!" एव्दोकिया पुढे आली. "केस कापा, काळा झगा चढवा, संपलं. तुम्हाला तेच हवंय ना? मग डोळे कशाला हवेत, अहो?"

"माझी माणसं मारलीत याने."

"आणि तुम्ही याच्या माणसांची काय पूजा केलीत?"

एक शिपाई फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. निकिफोरोस बायकोकडे वळला.

"बरं. तूच काप. पण याने नाही म्हटलं, की सळई."

लोकर कातरायची कात्री आणली गेली. कोपऱ्यातला म्हातारा पाद्री घाईघाईने प्रार्थना पुटपुटू लागला. एव्दोकिया भावासमोर बसली.

"ताई, हात लावू नकोस."

"आईची शपथ आहे तुला, तोंड उघडू नकोस," ती कुजबुजली. "डोळे जातील रे!"

तो तिच्या तोंडावर थुंकला. पण नाही म्हणाला नाही. तिने बाहीने गाल पुसला आणि कात्री चालवली. दोनदा कानाला लागलं, रक्त आलं. लांब काळे केस तिच्या मांडीवर पडत गेले. मग काळा झगा त्याच्या गळ्यात अडकवला गेला आणि पाद्री आमेन म्हणाला.

निकिफोरोसने मान हलवली. भातेवाल्याने सळई काढून पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्र झालं.

वाचले डोळे! एव्दोकियाला रडू आलं आणि हसूही आलं. बाकी भाऊ जन्मभर बोलला नाही तरी चालणार होतं.

निकिफोरोस उठला. "उद्या याला मठात पोचवा. काय साधूबाबा, आमच्यासाठी प्रार्थना कराल ना?"

शिपाई खदाखदा हसले. वार्दासने मान वर केली. डोकं कसंतरी भादरलेलं, कानावरून रक्त ओघळतंय, पण नजर जराही खाली नाही.

"करीन की, दाजी. केस काय, परत उगवतात."

हसणं थांबलं. दारापर्यंत गेलेला निकिफोरोस तिथेच उभा राहिला.

"चेष्टा करतोय तो!" एव्दोकिया ओरडली. "अहो, लहानपणापासून असाच आहे, काहीही बोलतो! वार्दास, सांग ना त्यांना! सांग ना रे!"

वार्दास दाजीकडेच बघत राहिला. निकिफोरोस परत येऊन आपल्या जागेवर बसला आणि त्याने भातेवाल्याकडे नुसतं पाहिलं. त्या माणसाने बादलीतली सळई काढली, पुसली, निखाऱ्यांत खुपसली. भाता पुन्हा सुरू झाला.

एव्दोकियाने दोन्ही तळहात भावाच्या डोळ्यांवर गच्च दाबून धरले.

"हात काढ, ताई," तो म्हणाला. "तोवर बघू तरी दे."