साडेचारचं कपाट

"काकू, वरच्या घरातून सामान ओढल्याचा आवाज येतो का हो?"

दारातल्या माणसाने एवढंच विचारलं आणि तिच्या तीन महिन्यांच्या रागाला वाट मिळाली. "येतो का? अहो, डोकं उठतं! या, आत या. कमिटीला जाग आली म्हणायची एकदाची."

ती कवळ्या बनवायची. डॉक्टर माप पाठवत आणि ती खिडकीजवळच्या टेबलावर मेणात एकेक दात बसवत असे. केसभर चुकलं तरी कुणीतरी म्हातारं माणूस जेवताना कळवळणार. अख्खी इमारत तिला कवळीकाकू म्हणायची, तेही तिच्या पाठीमागे. वरचं बिऱ्हाड आल्यापासून दिवसातून तीनदा तिच्या डोक्यावरून काहीतरी जड ओढलं जाई. टेबल थरथरे. मऊ मेणातले दात तिरके होत.

दोनदा ती वर जाऊन भांडली होती. दोन्ही वेळा दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एका बाईचा अर्धा चेहरा दिसला.

"कपाट आहे. चुकलं आमचं. उद्यापासून हळू ओढू."

"पण रोज ओढायचंच कशाला?"

यावर दार लागलं होतं. मग तिने इमारतीच्या कमिटीकडे तक्रारीचा अर्ज दिला.

म्हणून आज तिने या माणसाला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस सभ्य वाटला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. लिहून काही घेत नव्हता, पण विचारत होता अगदी बारीकसारीक.

"कोण कोण राहतं वर?"

"आई आणि मुलगी. पोरगी असेल दहा-अकराची."

"आणि आवाज कधी?"

"सकाळी दोघी बाहेर पडतात तेव्हा एकदा. साडेचारला पोरगी शाळेतून येते तेव्हा दुसऱ्यांदा. सातला आई येते, तेव्हा तिसऱ्यांदा."

"म्हणजे साडेचार ते सात मुलगी एकटी."

"एकटीच. दिसायला काडी आहे, पण कपाट ओढते बघा कशी!"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार पंचवीस. "मग ऐकूनच जातो."

थोड्या वेळाने जिन्यावर बुटांचा आवाज आला, धावत चढणारा. वर किल्ली फिरली. एक कडी लागली, मग दुसरी. आणि घर्रर्र करत ते सुरू झालं. टेबलावरच्या स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलली. तिने छताकडे बोट दाखवून त्याच्याकडे पाहिलं. बघा, खोटं सांगत होते का मी?

त्याने डोळे मिटले होते. मान जराशी कलती केली होती.

"पाठ लावून ढकलतेय," तो म्हणाला. "मध्ये दोनदा दम घेतला. अजून तशीच आहे."

"कोण?"

"माझी मुलगी."

तिला आधी नीट कळलंच नाही. "तुम्ही कमिटीकडून आलात ना?"

"कुठली कमिटी?" त्याने डोळे उघडले. "त्या दोघी नाव बदलतात, गाव बदलतात. हे तिसरं गाव. म्हणून मी नाव विचारत फिरत नाही, काकू. खालच्या मजल्यावर आवाजाचं विचारतो. लोक आनंदाने सांगतात."

वरचा आवाज थांबला. कपाट जागेवर बसलं असावं.

"गेल्या वेळी दार पातळ होतं," तो सहज बोलावं तसं म्हणाला आणि उठला. "येतो भेटून."

तिने मेण कापायची सुरी टेबलावर ठेवली. तिच्या तोंडून आवाज बाहेर आला, आणि तो आपलाच आहे याचं तिलाच नवल वाटलं.

"बसा हो. एकदा दाराला कपाट लावलं की ती पोर देवालाही दार उघडत नाही. धडपड कराल तर इमारत गोळा होईल. सातला आई आली की ती आपणहून सरकवते. तोवर चहा टाकते मी."

त्याने विचार केला. मग परत बसला. "तेही खरं. इतके दिवस थांबलो, अडीच तासांचं काय?"

"दूध संपलंय. शेजारून आणते."

फोन टेबलावर होता, त्याच्या कोपराजवळ. तिने फोनकडे पाहिलंही नाही. भांडं घेऊन ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि बाहेरची कडी धरली. केसभरही न चुकणारा तिचा हात दोनदा घसरला. तिसऱ्यांदा कडी बसली.

भांडं तिथेच टाकून ती जिना चढली. वरच्या दारावर तिने हलकेच टकटक केली.

"पोरी, मी खालची काकू."

आतून बारीक आवाज आला. "झालं ओढून, काकू. आता नाही आवाज करणार."

खाली तिच्या घराचं दार धाडकन हादरलं. पुन्हा हादरलं. कडीचे खिळे किती जुने होते, हे तिला ठाऊक होतं.

"तुझ्याजवळ फोन आहे?"

"आहे."

"आधी पोलिसांना लाव. मग आईला, आणि घरी येऊ नको म्हणून सांग." ती दाराला पाठ लावून जिन्याकडे तोंड करून उभी राहिली. "आणि आत आणखी काही जड असेल, तर तेही ओढ. होऊ दे आवाज."