नापास होण्याची तयारी

मुलीनं अंडं पातेल्यात ठेवलं, गॅस पेटवला आणि पाणी घालायचं मुद्दाम विसरली.

"बघा मॅडम," मावशी कपाळाला हात लावत म्हणाली, "ही उद्या अठराची होणार. एकटी राहिली तर चार दिवसांत उपाशी मरेल."

बालकल्याण खात्याच्या मॅडम स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. मावशीच्या मते हे चांगलं लक्षण होतं.

मुलगी सरकारनं मावशीकडे सांभाळायला दिलेली. अठरा भरले की सरकार हात काढून घेतं आणि मुलीनं आपलं बिऱ्हाड दुसरीकडे हलवायचं, एवढं मावशीला ठाऊक होतं. पण वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं खबर आणली, की आता मदत एकविसापर्यंत वाढवतात. मात्र ज्यांना स्वतःचं स्वतः काही करता येत नाही, त्यांचीच. शेजारणीची खबर नेहमी निम्मी खरी असायची. मावशीनं नेमकी उरलेली निम्मी मनावर घेतली.

मग आठवडाभर घरात तालीम चालली. कशासाठी, हे मात्र दोघींपैकी एकीनंही तोंडानं म्हटलं नाही. मावशी म्हणाली, "तुझी सोय होईल म्हणून आपलं." मुलगी म्हणाली, "तुझीच होईल, मला काय!" एकमेकींवर उपकार करायचं ठरलं आणि व्यवहार पक्का झाला.

"आणि कपडे वगैरे?" मॅडमनी विचारलं.

"छे! हिला इस्त्री धरतासुद्धा येत नाही. थांबा, दाखवतेच." मावशीला आता चांगलाच रंग चढला होता. तिनं एका हातानं चहासाठी विजेची किटली लावली, दुसऱ्या हातानं त्याच बोर्डावर इस्त्री. मुलीनं इस्त्री उलटी धरून असं काही बावळट तोंड केलं, की मावशीला हसू लपवायला खोकावं लागलं.

फट् झालं. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली.

"इस्त्री आणि किटली एका बोर्डावर लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं, मावशी!" मुलगी कडाडली. "सरक बाजूला. मॅडम, तुम्ही पण जरा मागे व्हा."

मेन स्विच बंद झाला. स्टूल आलं. अंबाड्यात खोचलेला टेस्टर निघाला, केस पाठीवर सुटले, फ्यूज हातात आला, नवी तार बसली. "आणि ते पातेलं उतरव आधी, अंडं फुटेल!" वरून हुकूम सुटला. मावशीनं मुकाट्यानं उतरवलं. या घरात मुलीला फौजदार म्हणायचे, ते उगाच नाही.

पंखा फिरू लागला. आपल्याला काहीच येत नाही, हे मुलीला तेव्हा कुठे आठवलं. ती स्टुलावरच थिजली.

"हे कुठे शिकलीस गं?" मॅडम म्हणाल्या.

"वायरमनचा कोर्स चालू आहे," ती पुटपुटली.

"पहिला नंबर आहे हिचा!" मावशीच्या तोंडून निसटलं आणि तिनं जीभ चावली. संपलं. आठवडाभराची मेहनत पाण्यात. "मॅडम, यात तिचा काही दोष नाही, मीच तिला..."

मॅडम हसायला लागल्या. "अहो ताई, नापास व्हायची एवढी तयारी मी पहिल्यांदाच बघतेय. काय येतं न् काय येत नाही, ते आम्ही विचारतच नाही. मुलगी शिकत असेल आणि तिला राहायचं असेल, की एकविसापर्यंत मदत चालू. फक्त ते तिच्या तोंडून ऐकावं लागतं."

"हात्तिच्या! एवढंच ना? मग राहायचंय की तिला!"

"हे तुम्ही बोललात, ताई."

मावशीनं ओठ घट्ट मिटले. आता तिच्या हातात काही नव्हतं. आठवडाभर सराईतपणे खोटं बोलणारी मुलगी स्टुलावर उभी राहून हातातला टेस्टर नुसता फिरवत होती. चार घरं फिरून ती इथे आली होती आणि मला अमुक हवं, असं तिनं इथेही कधी म्हटलं नव्हतं. जेवताना मीठसुद्धा मागायची नाही, उठून घ्यायची. आता ही खांदे उडवणार, बघू म्हणणार, आणि बॅग भरणार, असं मावशीला वाटलं.

मुलीनं फ्यूजच्या डबीकडे तोंड फिरवलं. नीट बसलेलं झाकण पुन्हा दाबलं.

"राहायचंय," ती भिंतीला म्हणाली.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं," मॅडम म्हणाल्या.

"मला आलं," मावशी म्हणाली.