आजाराचं कारण

"दारू कधीपासून?" मदतनिधीचा अर्ज भरताना मी विचारलं. दारू पिऊन लिव्हर खराब करून घेतलेल्याला मदत द्यायची नाही, असा नियम होता आणि मला तो पटायचा.

"कामाला लागलो तेव्हापासून," पोट फुगलेले हिरामण खाटेवरून म्हणाले. "शुद्धीत असताना गटारात उतरवत नाही, मॅडम. मुकादमच पाजायचा."

"मग सोडायची ना!"

"सोडलेली. चांगले दोन महिने. मग तुमच्या ह्या हॉस्पिटलचं गटार तुंबलं, वॉर्डात घाण पाणी शिरलं. कोणीच उतरेना. तेव्हा घेतली आणि उतरलो."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हतीच.

आजाराच्या कारणापुढे मी आधीच 'व्यसन' लिहून ठेवलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, 'आमचं गटार'.