राहिलेला जिना

"आजही त्याने मुदत मागितली तर मी गप्प बसणार नाही," ती कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलबाईंना म्हणाली. कडेवरची लेक खाली उतरायला वळवळत होती.

"मागू दे की. मिळणार नाही. साहेबांनी मागच्या खेपेलाच बजावलंय."

मुदत मागणारा तिचा सख्खा दादा होता. वडिलांचं घर विकून हिस्सा मिळावा म्हणून तिने दावा लावला होता. दादा हिस्सा नाकारत नव्हता. नुसती तारीख पुढे ढकलत होता. कधी त्याच्या वकिलाला ताप, कधी कागदांच्या नकला तयार नाहीत, कधी वकिलाचं पोट. "एकदा त्या पोटाचा तरी निकाल लागू दे," असं वकीलबाई म्हणायच्या. तिला हसू येत नसे. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली होती. हिस्सा हाती आल्याशिवाय दुसरी जागा बघण्यात अर्थ नव्हता. माहेरी मात्र तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं.

दादा जिन्यावरून वर आला. आज त्याच्याबरोबर आत्या होती. आई गेल्यावर या दोघा भावंडांना आत्यानेच वाढवलं होतं. दादाने आत्याला भिंतीशी उभं केलं आणि तो वकिलाला शोधायला गेला.

"म्हातारीला आणलंय," वकीलबाई पुटपुटल्या. "साहेबांना पाझर फुटावा म्हणून."

दावा लावल्यापासून ती त्या घरी गेली नव्हती. आत्या वाळली होती. भिंतीला बोटं टेकवून ती सावकाश बाकाकडे निघाली. डोळे मिटलेले.

लेकीला वाटलं, आजी लपाछपी खेळतेय. ती आईच्या कडेवरून घसरली आणि धावत जाऊन आत्यासमोर उभी राहिली. "मला शोध," म्हणाली.

आत्याने डोळे उघडले. "कोण गं? चिमणी का? आवाज ओळखला मी." ती हसली, वाकली आणि हात पुढे केला. हात पोरीच्या शेजारून गेला. पुन्हा केला. पुन्हा शेजारूनच गेला. पोर खुदखुदत होती. हातभर अंतरावर तर उभी होती.

ती धावलीच. "आत्या, तुला दिसत नाही?"

"उजेड दिसतो. कडेकडेने थोडं दिसतं. तेही जाणार म्हणे." आत्याने तिचा हात चाचपून घट्ट धरला. "म्हणून तर घाई चाललीय माझी. हे घर विकलं की कुठे जायचं ती जागा दादाने बघून ठेवलीय. रोज नेतो मला. डोळे मिटून फिरते तिथे. चुकलं तर उघडून बघता येतं अजून. स्वयंपाकघर पाठ झालं, न्हाणीघर झालं. जिना तेवढा राहिलाय. मेला मध्येच वळतो."

"दादा बोलला का नाही मला?"

"मीच शपथ घातली. कळलं असतं तर तू दावाच मागे घेतला असतास. माझ्यापायी तुझा हक्क का बुडावा? म्हटलं, जरा तारखा पुढे गेल्या तर काय बिघडतं. तू तुझ्या घरी सुखात आहेस."

तिने आत्याचा पदर सरळ केला आणि लेकीला तिच्या मांडीवर बसवलं.

"आज मागणार नाही हो तो मुदत," आत्या म्हणाली. "काल म्हणाला, आत्या, आता लोकांपुढे खोटं बोलवत नाही. उरलेलं जमेल तसं शिकू."

पुकारा झाला तसे सगळे आत गेले. दादाचा वकील उठला. हातात अर्ज नव्हता. "आमची तयारी आहे, साहेब." दादा खाली मान घालून उभा होता. वकीलबाईंचा चेहरा खुलला. त्या उठणार, तोच तिने त्यांच्या काळ्या कोटाची बाही ओढली आणि कानाशी लागली.

"शुद्धीवर आहात ना?" वकीलबाई कुजबुजल्या. "अहो, खोली सोडायचीय ना तुम्हाला?"

"बघीन मी. तुम्ही मागा."

वकीलबाई नाइलाजाने उभ्या राहिल्या. "साहेब, आज आम्हाला मुदत हवी आहे."

दादाने झटकन वर पाहिलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आजवर प्रत्येक मुदतीला हरकत घेणाऱ्या तुम्हीच ना? आणि आज तुम्हालाच हवी. कारण काय?"

 वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

ती दादाकडे बघत होती.

"जिना राहिलाय, साहेब," ती म्हणाली.