ठिपक्यांची गोगलगाय

टाकीत अकरा गोगलगायी होत्या, सगळ्या जिवंत. बोटाच्या पेराएवढ्या, अंगभर नारिंगी आणि त्यावर काळ्या कडांचे ठिपके. ही समुद्री जात शोधायला प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधिकेला तीन वर्षं आणि दोनशे चौदा बुड्या लागल्या. शोधनिबंध मात्र तिच्या वरच्या साहेबांच्या एकट्याच्या नावावर गेला. जातीलाही त्यांनी स्वतःचंच नाव दिलं.

तिची वही त्यांनी मागून नेली होती. परत आली तेव्हा पहिलं पान फाडलेलं होतं. त्यावर तिचं नाव होतं. पान तिला त्यांच्याच केराच्या टोपलीत सापडलं. मागच्या बाजूला पहिल्या बुडीची टिपणं होती. ती तिने दोनदा वाचली आणि त्या दिवसापासून भांडण सोडलं. लोक म्हणाले, पाणकोंबडीने हाय खाल्ली. तिला हे नाव साहेबांनीच ठेवलेलं. त्यांचा स्वतःचा जन्म खडकात सापडणाऱ्या जीवाश्म शंखांच्या अभ्यासात गेला होता. या टाकीच्या काचेला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं.

"उद्या संग्रहालयाच्या बाई येतायत," दारातूनच ते म्हणाले. "नमुने निबंधाशी ताडून बघतील, मगच नाव कायम होईल. सगळ्या उकळ, मांस काढ, शंख लख्ख करून ठेव. आणि पाणकोंबडे, एकही ठिपका गेला तर गाठ माझ्याशी आहे."

"शंखावरचा एकही ठिपका जाणार नाही, साहेब."

"इतकं मऊ बोलायला कधी शिकलीस?"

"तुमच्याच हाताखाली."

पाणी उकळायला लागलं. सूड तिचा आणि जीव या मुक्या प्राण्यांचा, हे तिला टोचलं. क्षणभर हात थांबला. मग तिने पहिली गोगलगाय चिमट्यात धरली.

दुसऱ्या दिवशी साहेब नवा कोट घालून आले. डबीचं झाकण त्यांनी स्वतःच्या हाताने उघडलं आणि पाहुणीकडे बघत हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी निबंधातली 'नारिंगी शंख, काळ्या कडांचे ठिपके' ही ओळ पाहिली, पुन्हा डबीत पाहिलं.

साहेबांनी वाकून डबीत पाहिलं. "रंग कुठे घालवलास?" त्यांनी तिला विचारलं.

"शंखाला रंग नव्हताच," ती म्हणाली. "जिवंत असताना ती आपली कातडी शंखावर पांघरते. नुसता हात लावला असतात तरी तिने ती आत ओढून घेतली असती. पहिल्याच बुडीनंतर लिहिलं होतं मी. तुम्ही फाडलेल्या पानाच्या मागे."

बाईंनी मोजपट्टी काढली. एकेक शंख उचलून त्या सांगत गेल्या, त्यांच्यासोबत आलेला मदतनीस लिहीत गेला. नमुने अकरा. सरासरी लांबी सव्वीस मिलिमीटर. रंग पांढरा. ठिपके शून्य.