बावीस टक्के

"तिचे बावीस, आणि माझे चौदाच?" बायको कॉटवर डाव्या कुशीवरूनच म्हणाली. छातीवरची जेली अजून गार होती.

नवरा संगणकासमोर बसला होता. पडद्यावर दोन हृदयं शेजारी शेजारी मिटत होती, उमलत होती. डावीकडचं बायकोचं, आत्ताच स्कॅन केलेलं. उजवीकडचं स्कॅन काढणाऱ्या बाईचं, तिनं दोन वर्षांपूर्वी निरोगी हृदयाचा नमुना म्हणून हौसेनं दिलेलं. ठोक्यागणिक स्नायू किती आखडतो ते त्याचा प्रोग्राम मोजायचा, आणि आलेलं प्रत्येक हृदय आधी या नमुन्याशेजारी लावायचा.

"काय सुरेख आखडतं गं!" असं तो एकदा जेवताना म्हणाला होता. तेव्हापासून घरात त्या बाईचं नाव बावीस टक्के. आज उशीर झाला? बावीस टक्क्यांनी थांबवलं असेल. शेवटी बायको स्वतःच इथं येऊन आडवी झाली होती. माझंही मोजा, बघू तरी.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली.

चित्र तेच होतं. स्नायूच्या आतल्या कडेनं रेघ तेवढी त्यानं नव्यानं आखायची, पुढचं संगणक बघणार. रोज वीस-वीस हृदयं आखणारा हात. रेघ वर चढली, वळली, खाली उतरली. तेरा.

"उतरतंय की!" बायको उठून बसली. "दोन वर्षं दुसरीचं बघत बसलात, माझं आटलं असेल."

तेरा म्हणजे हृदय किती थकलेलं, हे त्या खोलीत त्यालाच ठाऊक होतं. त्यानं तळहात पँटला पुसला आणि तिसऱ्यांदा माउस धरला.

तेवढ्यात स्कॅनवाली हात धुऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकली. बायकोच्या कपाळाला आठी पडली.

"अहो सर, रेघ स्नायूबाहेर चाललीय तुमची. बाहेरचं आवरण कुठं आखडतं? आकडा पडणारच." तिनं आधीच्या दोन रेघा उघडून बघितल्या. "तिन्ही वेळा? ही तर शिकाऊ पोरांची चूक."

मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. ती बायकोकडे वळली.

"वहिनी, माझं हृदय यांनी एका हातात चहाचा कप धरून आखलं होतं. एका दमात. गप्पा मारत."

बायकोनं माउसवरचा हात बघितला. तो थरथरत होता.

"द्या सर, मी काढते. दोन मिनिटांचं काम."

"तुम्ही नका हात लावू," बायको म्हणाली. "माझं त्यांनाच काढू दे."

"पुन्हा चुकेल हो."

"चुकू दे."

आणि आता काही गरज नव्हती, तरी ती पुन्हा डाव्या कुशीवर वळून निजली.