नियमकाकांचा अर्ज

“काका, या पुढे. तुम्हाला कोण अडवणार?” तुरुंगाच्या फाटकावरच्या शिपायाने हाक मारली.

“रांग आहे ना,” म्हणत नियमकाका होते तिथेच उभे राहिले.

रस्ता रिकामा असला तरी दिवा हिरवा होईपर्यंत पाऊल न टाकणारा माणूस, म्हणून वसाहतीने त्यांचं हे नाव ठेवलं होतं. आणि अशा माणसाच्या पोटी असा मुलगा! आईला अर्धांगाचा झटका आला, तिला दवाखान्यात नेताना पठ्ठ्याने लाल सिग्नल तोडला. रस्ता ओलांडणारी एक बाई जागीच गेली. गाडी काका चालवत असते तर थांबले असते, असं अख्खी वसाहत म्हणे. तेव्हापासून काकांनी गाडीच्या किल्लीला हात लावला नव्हता.

काकांनी मुलासाठी आणलेला स्वेटर शिपायाने तपासला. गुंड्या आत चालत नाहीत, म्हणून काकांनी त्या कापून वेड्यावाकड्या टाक्यांनी नाड्या शिवल्या होत्या.

“सगळे तुमच्यासारखे असते, तर आमच्या पोटावर पाय आला असता बघा!” शिपाई हसला. काका हसले नाहीत.

मुलगा काचेपलीकडे येऊन बसला. वाळला होता. काकांनी खिशातला अर्ज उलगडून काचेला लावला.

“आज साहेबांना देतोच. तू सुटशील.”

मुलाने तो शांतपणे वाचला.

“आईला कोण भरवतं?”

“मीच.”

“कुशीवर कोण वळवतं?”

“मी. दुसऱ्या कुणाचा हात लागला की ओरडते ती.”

“मग?”

काकांनी काचेवरचा अर्ज खाली घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

“दीडच वर्ष राहिलंय, बाबा. जाईल. खिशात ठेवा तो.”

बाहेर पडताना खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “काका, अर्ज द्यायचा म्हणत होता ना?”

“राहू दे.”

रस्त्यावर येऊन त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले. कचरा रस्त्यावर टाकायची सवय नव्हती, म्हणून ते मुठीत धरून कचराकुंडी सापडेपर्यंत चालत राहिले. कुंडीत पडलेल्या सगळ्यात वरच्या तुकड्यावर त्यांचं वळणदार अक्षर दिसत होतं: ‘गाडी मी चालवत होतो. मुलगा मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.’